‘खेळकर’ म्हणा, पण खेळ कोणता ते सांगा

मात्सुदा युरिको या जपानी मृत्तिकाशिल्पकर्तीविषयी इंग्रजीत जे काही लिहिले जाते, त्यात एक विशेषण हटकून भेटते: खेळकर. कधी त्याच्या जोडीला ‘मिश्कील’ येते, कधी ‘गमतीदार’, पण ‘खेळकर’ सुटत नाही. दालनांचे परिचय, प्रदर्शनांच्या पुस्तिका, विक्रेत्यांच्या याद्या, सगळीकडे तेच. लिहिणारे सद्भावनेने लिहितात याविषयी आम्हाला शंका नाही. तरीही हा शब्द ज्या रीतीने वापरला जातो तिच्याविरुद्ध आम्हाला काही म्हणायचे आहे. ते म्हणण्यासाठी जपानपर्यंत जावे लागत असले तरी आमच्या चिडीचे मूळ बरेच जवळ आहे. त्याची कबुली पुढे येईलच.

प्रथम वस्तू पाहू. मात्सुदांचा जन्म १९४३ सालचा, ह्योगो प्रांतातला. शिक्षण क्योतोच्या नगर कलाविद्यापीठात. माध्यम पोर्सेलीन, म्हणजे आपण ढोबळपणे जिला चिनीमाती म्हणतो तिच्यातला सर्वांत पांढरा, कठीण आणि उजेडासमोर धरला असता किंचित पारदर्शक दिसणारा प्रकार. त्यावर कुतानी आणि इमारी या जुन्या घराण्यांच्या वळणाचे रंगकाम: दाट हिरवा, पिवळा, जांभळा, गडद निळा, लाल आणि वर सोने. इथवर कोणाही परंपराभिमानी रसिकाने तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण येते ती पुढे. हे सारे वैभव थाळीवर, सुरईवर किंवा झाकणाच्या डबीवर नसते. ते असते स्त्रीच्या पावलांवर, उंच टाचांच्या बुटांवर, देहाच्या कमरेखालच्या गोलाईवर, भाज्यांवर, कधी चक्क फुजी पर्वतावर. आम्ही ही कामे छायाचित्रांतच पाहिली आहेत हे सांगून टाकलेले बरे. पण छायाचित्रातही पाहणारा आधी हसतो आणि मग थोडा गोंधळतो. परिचय लिहिणारे बहुधा हसण्यापाशीच थांबतात.

बुटाचेच घ्या. जपानी घरात पादत्राणांची जागा ठरलेली असते, दाराशी, खालच्या पातळीवर. वर पाऊल टाकायचे ते पादत्राणे उतरवून. याउलट मोलाच्या भांड्याची जागा असते ‘तोकोनोमा’त, खोलीतल्या त्या किंचित उंच, पूजनीय कोनाड्यात, जिथे एखादे चित्र लटकते आणि एखादी फुलदाणी ठेवलेली असते. घरातले सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे स्थान अशी ही दोन टोके. कुतानीच्या रंगांनी मढवलेला बूट ही दोन टोके एकत्र आणतो. तो दाराशी ठेवता येत नाही, कारण तो मौल्यवान पोर्सेलीन आहे, आणि कोनाड्यात ठेवला तर तिथे वहाण आणून ठेवल्यासारखे होते. ज्या भाषेत ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आहे आणि ती आजवर कोणाकोणाला उद्देशून वापरली गेली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातला खेळ समजावून सांगण्याची गरज नसावी. शिवाय बूट हेही एक भांडेच. आत पोकळ, वर तोंड असलेले, काहीतरी सामावून घेण्यासाठी केलेले. फरक इतकाच की यात सामावतो तो चालणाऱ्या बाईचा पाय, आणि हा बूट घालून तिला एक पाऊलही टाकता येणार नाही. ‘खेळकर’ म्हणताना यातले काय सांगितले जाते?

खेळकर या शब्दात आणखी एक गैरसमज दडलेला असतो: हे सहज झाले असेल, हसतखेळत झाले असेल. पोर्सेलीन ज्यांनी कधी हाताळले आहे ते असे म्हणणार नाहीत. ही माती आकाराला फार आज्ञाधारक नाही. वाळताना आणि भाजताना ती पुष्कळ आकसते, आणि तेराशे अंश सेल्सिअसच्या आसपासच्या भट्टीत मऊ पडते. चाकावर घडवलेल्या गोल वाडग्याला ते मऊ पडणे सोसते, कारण त्याचा भार सर्व बाजूंनी सारखा असतो. उंच टाचेच्या बुटाला मात्र पुढे चवडा, मागे बारीक खांब आणि मध्ये अधांतरी कमान. भार कुठेच सारखा नाही. पावलाचा घोटा, बोटांमधल्या फटी, सगळीकडे भिंतीची जाडी बदलते आणि जाडी बदलली की तडा जाण्याचे भय. हे सारे निभावून, झिलई चढवून भाजलेली वस्तू पांढरीशुभ्र बाहेर येते, तेव्हा कुठे रंगकामाला सुरुवात होते. कुतानीच्या पद्धतीत आधी काळसर रेघांनी नक्षी आखतात आणि तिच्यावर काचेसारख्या पारदर्शक रंगांचे जाड थर चढवतात. भाजण्याआधी हे रंग फिके, राखी, ओळखू न येणारे असतात. हिरवा हिरवा दिसत नाही, जांभळा जांभळा दिसत नाही. म्हणजे चित्रकार जवळजवळ आंधळेपणाने रंगवतो. मग आठशेच्या आसपासच्या तापमानाला पुन्हा भट्टी, आणि सोने असेल तर त्याची त्याहून कमी आचेची वेगळी भट्टी. प्रत्येक फेरीत वस्तू फुटण्याची शक्यता. सपाट थाळीवर हे सगळे करायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. घोट्याला वळसा घालून, बोटांच्या बेचक्यांतून नक्षी न तोडता नेणे हे काय असेल याची कल्पना करावी.

आता परंपरेचे. मात्सुदांवर टीका करणारे आणि त्यांचे कौतुक करणारे या दोघांचेही एका गोष्टीवर एकमत असते: एका बाजूला गंभीर, अढळ जपानी परंपरा आणि दुसऱ्या बाजूला तिची थट्टा करणारी ही बाई. हे चित्रच मुळात चुकीचे आहे. आरितामध्ये पोर्सेलीन सुरू झाले ते सतराव्या शतकाच्या आरंभी. पारंपरिक साल १६१६ सांगतात आणि श्रेय री सांपेई या कोरियन कुंभाराला देतात. तोयोतोमी हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांनंतर (१५९२ ते १५९८) जे कारागीर जपानात आणले गेले त्यांच्यापैकी तो एक. म्हणजे ज्या परंपरेला आपण अस्सल जपानी म्हणतो, तिच्या मुळाशी पकडून आणलेली परकी माणसे आहेत. त्यांच्यात एक स्त्रीही होती. ह्याकुबासेन या नावाने ती ओळखली जाते. नवरा वारल्यावर सुमारे नऊशे माणसांचा कुंभारांचा जथा घेऊन ती आरिताच्या हिएकोबा भागात आली आणि १६५६ साली, शहाण्णवाव्या वर्षी वारली. तिच्या पणतूने उभारलेली स्मृतिशिळा आरिताच्या होओन-जी या मंदिरात आहे. शिळा आहे, पण परंपरेचा इतिहास सांगताना सांपेईचे नाव पहिल्या वाक्यात येते आणि हिचे, आले तर, तळटीपेत.

कुतानीची कथा तर अधिकच गमतीची. सतराव्या शतकाच्या मध्यावर कागा संस्थानात ही भट्टी सुरू झाली आणि पुढे बंद पडली. शंभराहून अधिक वर्षांनी, १८०७ साली, कानाझावात कासुगायामाच्या भट्टीने तिला पुन्हा आरंभ केला. आणि ज्या जुन्या कुतानी वस्तूंना संग्राहक देव्हाऱ्यात ठेवत आले, त्यांपैकी पुष्कळ मुळात कुतानीच्या नव्हेतच, आरितामध्ये घडलेल्या आहेत, असे मत गेल्या काही दशकांतल्या उत्खननांनंतर बळावले. काकिएमोन घराण्याच्या दुधाळ पांढऱ्या देहाची कृती विस्मृतीत गेली होती. ती बाराव्या आणि तेराव्या काकिएमोनांनी खटपट करून पुन्हा हस्तगत केली, १९५३ साली. १९५३! आपण ‘चारशे वर्षांची अखंड परंपरा’ म्हणतो तिच्यात अशी खिंडारे आहेत आणि प्रत्येक खिंडारावर कोणीतरी धाडसाने फळी टाकलेली आहे. याला अखंडता म्हणावे की सतत नव्याने मांडलेला डाव, हे वाचकांनीच ठरवावे.

खेळ म्हणाल तर तोही या परंपरेला काही नवा नाही. १६२०च्या दशकापासून जपानी चहारसिकांनी चीनच्या जिंगदेजेनहून मुद्दाम मागवलेली निळी-पांढरी भांडी पाहा. मासे, वांगी, घोडे अशा आकारांच्या थाळ्या आणि ओबडधोबड, घाईत काढल्यासारखी चित्रे. काठांवरची झिलई जागोजागी उडालेली. हे उडणे म्हणजे खरे तर भट्टीचा दोष. पण त्याला ‘मुशिकुई’, म्हणजे किड्यांनी खाल्लेले, असे लाडके नाव देऊन रसिकांनी त्याचे गुणात रूपांतर केले. फुरुता ओरिबे या चहागुरूच्या नावाने ओळखली जाणारी, मुद्दाम वाकडी केलेली भांडी (ती पोर्सेलीनची नव्हेत, पण मुद्दा तोच) आज संग्रहालयांत काचेआड आहेत. वांग्याच्या आकाराची थाळी सतराव्या शतकातल्या पुरुषाने हौसेने मागवली की तिला अभिरुची म्हणायचे, आणि विसाव्या शतकातल्या बाईने भाजीला इमारीचे रंग चढवले की तिला खेळकर म्हणायचे! ही दोन शब्दांची वाटणी कशी झाली हा आमचा प्रश्न आहे.

तो अधिक नेमका करता येतो. क्योतोमध्ये १९४८ साली यागी काझुओ आणि त्यांच्या मित्रांनी सोदेइशा हा गट काढला. भांडे उपयोगी असलेच पाहिजे या कल्पनेलाच त्यांनी रजा दिली. यागींची १९५४ सालची ‘साम्सा साहेबांची फेरी’ ही कृती आधुनिक जपानी मृत्तिकाकलेतली युगप्रवर्तक मानली जाते आणि ते रास्तही आहे. काय आहे ती? चाकावर घडवलेले एक वलय, उभे केलेले, आणि त्याला फुटलेल्या नळ्यांच्या आखूड तंगड्या. काफ्काचा कीटक झालेला नायक जणू फेरफटक्याला निघाला आहे. याहून मोठा खेळ तो कोणता? नावातच थट्टा आहे. पण यागींविषयी लिहिताना लेखक क्रांती म्हणतात, प्रश्नचिन्ह म्हणतात, अस्तित्ववादाचा संदर्भ देतात. खेळकर म्हटलेच तर ते चौथ्या परिच्छेदात, आणि मोठेपणाचे एक जादा लक्षण म्हणून. मात्सुदांच्या वाट्याला तो शब्द पहिल्याच ओळीत येतो आणि पुष्कळदा त्यानंतर फारसे काही येत नाही.

योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते, जर या कलेत स्त्रीची जागा कुठे होती हे माहीत नसते तर. भट्टीपाशी स्त्रीची सावली नको, ती अपवित्र, अग्निदेवता कोपेल, हा समज जपानच्या कुंभारगावांत दीर्घकाळ होता. स्त्रिया माती मळत, रंग भरत, भांडी वाहून नेत. चाक, भट्टी आणि नाव पुरुषाचे. (आपल्याकडे कुंभारवाड्यात काय वेगळे होते? चिखल तुडवायला बाई चालते. चाकाला तिचा हात लागू नये.) युद्धोत्तर काळात कलाविद्यापीठांची दारे उघडली, तेव्हा ज्यांना घराण्यातून भट्टी मिळणे शक्य नव्हते अशा मुली वर्गातून या कलेत आल्या. त्सुबोई आसुका यांनी १९५७ साली क्योतोत स्त्री-मृत्तिकाकारांची ‘जोर्यू तोगेइ’ ही संघटना उभी केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५५ साली, जपान सरकारने ज्यांना लोक ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणतात त्या मानाची पहिली यादी जाहीर केली. मृत्तिकाकलेतली त्यातली नावे चार: तोमिमोतो केनकिची, हामादा शोजी, इशिगुरो मुनेमारो, आराकावा तोयोझो. चौघेही थोर, यात वाद नाही. चौघेही पुरुष, यातही नाही.

यावर कोणी म्हणेल, आता तसे राहिलेले नाही. कुतानीच्याच तोकुदा यासोकिची घराण्याचे नाव २०१० साली मुलीने घेतले, ती चौथी यासोकिची झाली. खरे आहे आणि मोलाचे आहे. पण तिथे वारसा आहे, नाव आहे, दिलेली गादी आहे. वारसाहक्काने आलेल्या बाईला गंभीर मानणे समाजाला फारसे जड जात नाही. वारसा नसताना जी त्या नक्षीला हात घालते, तिचे काय करायचे हे कळत नाही, म्हणून तिच्यासाठी ‘खेळकर’ ही बैठकीबाहेरची जागा.

वर आलेले तोमिमोतो मात्सुदांच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहेत. ज्या विद्यापीठात त्या शिकल्या, तिथला मृत्तिकाकलेचा विभाग घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. झिलईवरच्या रंगकामाचे ते विसाव्या शतकातले सर्वांत मोठे कलावंत. त्यांचा एक दंडक प्रसिद्ध आहे: जुन्या नक्षीवरून नवी नक्षी करू नये. निसर्गात जावे, पान-फूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि त्यातून आपली नक्षी शोधावी. त्यांनी तशी शोधलीही. त्यांची चार पाकळ्यांची फुले शेकडो डब्यांवर आणि घटांवर पसरली आहेत. मात्र त्या नव्या नक्षीखालचा घाट बव्हंशी जुना राहिला: घट, थाळी, झाकणाची डबी.

मात्सुदांनी हा डाव उलटा मांडला आहे. नक्षी जुनी, सर्वांच्या ओळखीची, आजीच्या किमोनोवर आणि सणाच्या थाळीवर पाहिलेली. तिच्याखालचा देह मात्र बदललेला. गुरुकुलाच्या दंडकाशी हा सरळ वाद आहे आणि तो शब्दांत न घालता मातीत घातलेला आहे. नक्षीतून नक्षी करायची नाही ना? ठीक. मग नक्षी तशीच ठेवते आणि ती कशावर चढली आहे ते बदलते. थाळीवरच्या नक्षीला चौकट असते, मध्य असतो, काठ असतो. पावलावर ती चढते तेव्हा तिचे काय होते ते पाहा: ती मोज्यासारखी दिसू लागते, मग गोंदणासारखी, मग कातडीसारखी. हे वस्त्र आहे की त्वचा हे ठरत नाही. कुतानीची ती दाट भरगच्च सजावट, जी थाळीवर केवळ श्रीमंती वाटत होती, ती देहावर आल्यावर एकाएकी विचारू लागते: इतके सजवले कोणाला जाते, आणि कशासाठी? हाच या खेळाचा नियम आहे आणि नियम असल्यामुळेच तो खेळ आहे.

इथे आम्हाला आमच्याच बाजूच्या मित्रांशीही भांडायचे आहे. ‘खेळकर’ या शब्दाने दुखावलेले हे मित्र लगेच दुसरे टोक गाठतात: हा खेळ नव्हेच, हा विद्रोह आहे, पितृसत्तेचे विध्वंसन आहे, हसणे हा फक्त बुरखा. म्हणजे बाईचे हसणे कोणी खरे मानायलाच तयार नाही. पहिल्यांना ते हलके वाटते, दुसऱ्यांना खोटे. बुटावरचे ते हिरवे-जांभळे रंग आणि सोने ज्या चवीने, ज्या सोसाने भरलेले आहे, त्यात त्या रंगांवरचे प्रेम उघड दिसते. जिला परंपरा मोडूनच टाकायची आहे ती तिच्यापायी इतक्या भट्ट्या कशाला पेटवील? प्रेम आणि थट्टा एकाच माणसाबद्दल एकाच वेळी वाटू शकतात हे घरात राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. फक्त समीक्षकाला ते सिद्ध करून दाखवावे लागते. मात्सुदांचे प्रत्येक काम या उंचीला जाते असेही नाही. भाज्यांची काही कामे आम्हाला पहिल्या हसण्यापलीकडे नेत नाहीत. तसे म्हणता येणे हीच तर त्यांना गांभीर्याने घेण्याची खूण. ‘खेळकर’ म्हणून सगळ्यांनाच सारखे थोपटले की बरे काय, वाईट काय, हे बोलायची सोयच उरत नाही.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने २०२३-२४ मध्ये छत्तीस जपानी स्त्री-मृत्तिकाकारांचे प्रदर्शन भरवले आणि त्याच्या नावातच ‘रॅडिकल’ शब्द घातला. काळ बदलतो आहे हे खरे. पण विशेषण बदलले की पाहणे बदलतेच असे नाही.

आता आमची कबुली. आम्ही मराठी शिकवतो. ज्या साहित्याला आपण ‘ललित’ म्हणतो त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत धातूचा अर्थ खेळणे, विलास करणे असा आहे, हे आम्ही दरवर्षी एम.ए.च्या पहिल्या वर्गाला सांगतो. इंग्रजी ‘फॉर्म’साठी आपल्या समीक्षेने जो ‘घाट’ हा शब्द वापरला तो भांड्याच्या घाटावरून आलेला, हेही सांगतो. मुले वहीत उतरवून घेतात. आणि दोन वर्षांपूर्वी अभ्यासमंडळाच्या बैठकीत एका लेखिकेच्या ललितलेखांचा संग्रह चर्चेला आला, तेव्हा एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, छान आहे, खेळकर आहे, पण पदव्युत्तर स्तरावर जरा वजनदार काही हवे. संग्रह बाजूला पडला. त्याच्या जागी जे लागले त्यात एका ज्येष्ठ लेखकाचे विनोदी गद्य होते. त्याचे वर्णन इतिवृत्तात ‘उपरोधाची प्रगल्भ शैली’ असे झाले. आम्ही दोघेही त्या बैठकीत होतो. दोघांनीही मान डोलावली. एकाने तर ‘अवांतर वाचनात घेऊ’ अशी मध्यममार्गी सूचनाही केली, जी अर्थातच कोणी अमलात आणली नाही.

त्या संग्रहात नक्की कोणता खेळ आहे, त्याचे नियम काय, लेखिका कोणत्या जुन्या घाटात काय भरते आहे, हे आम्ही तेव्हा एका वाक्यातही सांगू शकलो असतो. पुस्तक आम्ही वाचलेले होते. आम्हाला ते आवडलेही होते.

अभ्यासक्रमाची फेररचना पुन्हा येत आहे. संग्रह आम्ही पुन्हा मांडणार आहोत, सोबत चार पानांचे टिपण जोडून. ‘खेळकर’ हा शब्द त्या टिपणाच्या पहिल्याच ओळीत आहे. उरलेली चार पाने तो खेळ कोणता याविषयी आहेत.